खंडेनवमीला धुतलेली गाडी

आमच्या घरात चाकाची खुर्ची आली, त्या दिवसापासनं तिच्यावर लुगडीच वाळत हुती. खुर्ची माज्या ल्योकासाठी आनल्याली. दवाखान्यातनं सोडताना डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. म्हनलं, "आज्जी, ह्याला रोज खुर्चीत बसवायचं. उन्हात न्यायचं. हात हलले पाहिजेत. नुसता पडून राहिला तर पाठीला जखमा होतील, आणि त्या जखमाच त्याला घेऊन जातील." तोंडावर सांगितलं. मी आयकून घेतलं आनि पिशवी उचलली.

पन ल्योक खुर्चीत बसंना. म्हनला, "आये, एकदा त्यात बसलो की मी तसलाच झालो." आनि भितीकडं तोंड केलं. चाळिशी वलांडल्याला मानूस, त्येला काय दरडावनार? मी आनि सून, दोगी मिळून त्येची कूस बदलायचो, आंग पुसायचो. जखम झालीच. कमरंच्या खाली, आधी रुपयाएवढी, मग वाटीएवढी. तितं त्येला काय कळत न्हवतं. आमालाच वास यायचा.

आमचं गाव मलकापूरच्या अंगाला. ल्योक मिलिटरीत डायवर हुता. बरफात गाड्या चालवल्याला मानूस. पेन्शन घिऊन आला आनि हितं बी गप बसंना, एकाच्या टेम्पोवर जायला लागला. कोयनानगरला माल न्ह्यायचा, घाटानं माघारी यायचा. त्या वर्साच्या खंडेनवमीला समद्यांच्या गाड्या धुऊन, हार घालून उभ्या हुत्या. आमच्याकडं त्या दिवशी इळा, खुरपं, कुऱ्हाड, फवारनीचा पंप, जे जे लोखंडाचं हाय ते समदं धुवायचं, हळद-कुकू लावायचं आनि त्या दिवशी कामाला लावायचं न्हाई. ह्येला मालकाचा फोन आला, भाडं अर्जंट हाय. मी म्हनलं, "आरं, चार तांबं पानी तरी मार. चाकाखाली एक लिंबू ठिव." म्हनला, "आल्यावर बगू, आये." न धुता गाडी काडली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या दुपारी, माघारी येताना घाटाच्या वळनावर टेम्पो खाली गेला. ब्रेक लागला न्हाई, म्हनला. जीव वाचला. कमरंखालचं गेलं.

मी कुनाला बोलले न्हाई, पन माज्या मनात त्या दिवसापासनं एकच. चार तांबं पानी. मीच मारायला पायजे हुतं. त्यो चहा पीत हुता तवर माजं हात काय बांदलं हुतं?

सून मलकापुरात एका मेसमदी चपात्या लाटायला जाती. सकाळी जाती, तिसऱ्या पारी येती. दिसभर घरात आमी दोघंच. त्यो सुनंच्या जुन्या फोनवर काय काय बगत पडायचा. बोलायचा न्हाई. एक दिवस कूस बदलाया गेले तर बगितलं, फोनमदी एक बारकी गाडी, सशाएवढी, दगडावनं चढत हुती. चाक घसरायचं, परत धरायचं, परत चढायची. आनि ह्येचं दोनी आंगटं गोधडीवर हलत हुतं. डावा म्होरं-मागं, उजवा आडवा. त्येला सोताला म्हाईत न्हवतं. आट म्हयन्यात त्येच्या अंगाचं काय आपनहून हाललं आसंल तर त्ये आंगटं.

बाजारादिवशी मी गेले आनि खेळन्याच्या दुकानातनं तीनशे रुपयाची रिमोटची गाडी आनली. तांबडी, लाईट लागायची. त्येच्या हातात दिली. त्येनं बटन दाबलं, गाडी सुसाट गेली आनि उंबऱ्याला आदळली. वळवायला गेला तर ती एकदम वळायची न्हाईतर न्हाईच. चौथ्या दिवशी चाकातला दात मोडला. त्येनं उलटी करून बगितली, खाली समदं चिकटवल्यालं. कुटं उगडायलाच येत न्हाई.

म्हनला, "ही फेकून द्यायची जात हाय, आये. मोडली की संपली."

"मग ती फोनमदली?"

"ती येगळी. हॉबीची गाडी म्हनत्यात. तिचा पार्ट न् पार्ट सुट्टा मिळतो. चाक गेलं चाक बदल, मोटार गेली मोटार बदल. रिमोट आंगट्यानं जेवडं दाबशील तेवडंच पळती." यवडं बोलला आनि दमला. मग म्हनला, "जाऊ दे. लय महाग आसत्यात."

"किती?"

"नवी घ्याची तर शेरडासकट करडू जाईल."

"आनि जुनी?"

त्येनं माज्याकडं बगितलं. कितीतर दिसानं नीट बगितलं.

माज्याजवळ पत्र्याच्या डब्यात पैसं हुतं. माज्या मयतीचं. लाकडं, तिरडी, धाव्याचं जेवान, ह्येला कुनाच्या तोंडाकडं बगायला नगं म्हनून खुरपायला जाऊन सात-आट वर्सं साठवल्यालं. आट हजाराला थोडं कमी. सुनंला कळलं तवा ती चपलासकट आत आली.

"आत्ती, आवं मलमपट्टीचं सामान उदार आनतुया आनि तुमी गाडी घेताय? खेळायची?"

"माज्या मयतीचं पैसं हाईत. तुज्या चपात्यांचं न्हाईत."

"आनि मयत कशानं करायची मग?"

"आता मरता येत न्हाई. पैसं संपलं म्हनून सांगीन त्येला."

ती हासली न्हाई. चूल पेटवली आनि माज्याकडं पाट करून म्हनली, "घ्या. निदान तुमाला तरी काय करावं वाटतंय."

ल्योकानं फोनवर धुंडलं. सांगलीत एकजन इकायला बसला हुता, दोन गाड्या. ल्योकाचा जीव त्यातल्या पळनाऱ्या गाडीवर. म्हनला, "आये, ती निळी बग. जमिनीवनं उडती ती. डायवरला तसलीच पायजे." मग माज्याकडनं पाट करून घेतलं. बॅटरी फुगल्याली आसली तर घ्याची न्हाई. चार्जर संगं पायजे. चाक हातानं हालवून बगायचं, खुळखुळतंय का. मोटरीला जळका वास येतो का बगायचा. रिमोटचं चाक बारीक फिरवलं तर बारीक वळाय पायजे. माजी शाळा दुसरीपातूर, लिवून घेतलं तर वाचाय वेळ लागंल, म्हनून मी ध्यानातच ठेवलं. शेरडू घेताना बापानं शिकवलं हुतं तसंच हाय म्हनलं. दात बगायचं, पाय बगायचं, चालवून बगायचं, आनि इकनाऱ्याला इचारायचं, का इकतोस.

एसटीनं सांगलीला गेले. सांगली मला नवी न्हाई. माजं म्हायार त्या बाजूचं, लगनाआदी मी हळदीच्या वखारीत निवडायला बसायची, बोटं आट-आट दिस पिवळी. त्या मानसाचं घर मार्केटच्या मागल्या अंगाला. तिशीतला गडी, बारकं घर, दारात दोन गाड्या काडून ठेवल्याल्या. निळी लकलकीत. दुसरी खाकी रंगाची, समद्या अंगावर वरकाडं, चाकं माज्या मुठीएवढी जाडी.

मी खाली बसले. निळी उलटी केली.

"पाय ढिलं हाईत हिचं."

"आज्जी, ते शॉक असतात. तसंच दबतंय ते. दगडावर आपटू नये म्हणून."

"का इकतोस?"

आतनं त्येची बायको बोलली, "मी सांगते का ते. लग्नाला दोन वर्षं झाली, अजून डायनिंग टेबल नाही, पण गाड्या चार. घेऊन जावा आज्जी, दोन्ही घेऊन जावा."

"खाती किती?" मी इचारलं.

"वीस-पंचवीस मिनिटं पळती, मग दोन तास चार्जिंग."

"म्हंजी वीस मिनटं काम आनि दोन तास जेवान."

"आमच्या ह्यांच्यासारखीच आहे की," बायको आतनं म्हनली. त्यो गडी लाजला.

त्येनं निळी रस्त्यावर सोडली. काय सांगू, डोळ्याला दिसली न्हाई. गटाराच्या कडंला उडली, पलटी झाली, चाकं वर. गडी पळत गेला, सरळ केली, परत सोडली. परत पलटी झाली, परत पळत गेला. मी त्येच्या पळनाऱ्या पायांकडंच बगत हुते.

"ती दुसरी चालव," म्हनलं.

खाकी निगाली. म्हातारीसारखी. त्येनं म्होरं दोन इटा ठेवल्या. तिनं पयलं चाक इटंवर ठेवलं, मग दुसरं, आख्खी वाकडी झाली, थांबली, मग वर. पडली न्हाई.

"आज्जी, निळी घ्या. पोरांना निळी आवडती. तेवढ्याच पैशात देतो."

"निळी पडली की तिला उचलाय कोन जानार?"

त्यो म्हनला, "ज्याच्यासाठी घेताय तो जाईल की."

मी बॅटरी बगितली, सपाट हुती. चाकं हालवली. मोटरीला नाक लावलं. पुडचं एक चाक खुळखुळत हुतं त्येचं पाचशे कमी करून घेतलं. त्येनं संगं वाकड्या बारक्या चाव्या दिल्या, चार सुट्टी दात्याची चाकं दिली आनि सांगितलं, "चिखल उडाला, थोडे शिंतोडे आले तर चालतंय. पण धुवायची नाही. ब्रशनं झाडायची. आणि काम झालं की बॅटरी बाहेर." मी व्हय म्हनलं. हे बी ध्यानात ठेवलं हुतं. ठेवलं न्हवतं आसं न्हाई.

घरी ल्योकानं पिशवी उगडली आनि त्येचं तोंड पडलं.

"निळी सांगितली हुती."

"निळी पलटी हुती."

"बैलगाडी आनलीस व्हय गं?" आसं म्हनला आनि ठिवून दिली. दोन दिस हात लावला न्हाई. तिसऱ्या दिवशी मी खुरपायला जाऊन आले तर गाडी खाटंखालनं निगून उंबऱ्यापशी आडकल्याली. उंबरा चढायची, आनि वरनं पलीकडं काय हाय ते त्येला खाटंवनं दिसंना.

"दारात बसल्याबिगार दिसनार न्हाई," मी म्हनलं. आनि भांडी घासायला गेले. खुर्चीचं नाव काडलं न्हाई.

चार दिस गेलं. पाचव्या दिवशी सुनंला म्हनला, "त्या लुगड्यास्नी दुसरी जागा न्हाई का?"

तवापासनं त्यो दारात बसाय लागला. आदी अर्दा तास. मग गाडीची बॅटरी सरंपातूर. मग बॅटरी चार्ज हुईपातूर बी. गाडी आंगनातनं गोट्याकडं जायाची, शेनाच्या ढिगाला वळसा घालायची, दगडी पायरी चढायची. खुळखुळनारं चाक त्येनं सोताच काडून बसवलं. शेजारीन म्हनायची, "काय गं, ल्योक लहान झाला व्हय तुजा?" म्हनू दे. जखम वाटीएवडी हुती ती लिंबाएवडी झाली. पट्टी बदलायला येनारी नर्स म्हनली, आसंच चालू ठेवा. पाय काय येनार न्हवतं. ते समद्यास्नी म्हाईत हुतं.

आनि खंडेनवमी आली.

फाटं मी उटले. इळा-खुरप्यांचा ढीग नळापशी आनला, घासला. गाडी दाराच्या आत ठेवल्याली. बॅटरी आतच हुती, रात्री काडायची ऱ्हायल्याली. मी तिच्याकडं बगत उभी ऱ्हायले. धुवायची न्हाई, आसं त्यो सांगलीचा म्हनला हुता. मला त्येचा आवाज सुद्दा आटवत हुता. पन डोळ्याम्होरं टेम्पो येत हुता. न धुता काडल्याला. मी म्हनलं, त्या मानसाला काय म्हाईत? त्येच्या घरातला कोन घाटातनं खाली गेलाय का? एका चुकीत कमरंखालचं गेलं. दुसऱ्या चुकीत काय जाईल?

मी गाडी नळाखाली धरली. चार तांबं नव्हं, बादलीभर पानी घातलं. चाकाच्या फटीफटीतनं चिखल काडला. पदरानं पुसली, हळद-कुकू लावलं, झेंडूचा बारका हार केला, चाकाखाली लिंबू ठेवलं. पाटावर खुरप्यांच्या वळीत ती म्होरं. माज्या मनाला किती दिसानं बरं वाटलं.

ल्योक खुर्चीत बसून दारात आला. हार बगून हासला. "आज सुट्टी तिला," मी म्हनलं. पन त्यो म्हनला, "जरा लिंबावनं फिरवू दे, आये. नव्या गाडीला फिरवत्यात की." आनि बटन लावलं.

गाडी बोटभर हालली. आतनं चर्र आवाज आला, हारातनं धूर. जळक्या रबराचा वास. सुनंनं वढून बॅटरी काडली.

"धुतलीस?" त्येनं इचारलं.

"व्हय."

"बॅटरी आत ठिवून?"

"व्हय."

त्येनं रिमोट मांडीवर ठिवला. म्हनला, "चांगलं केलंस. आता आमी दोगं सारखं झालो." आनि सुनंला म्हनला, मला खाटंवर टाक.

त्यो परत भितीकडं. मी म्हाळाच्या दिवसासारखी घरात फिरायची, आवाज न करता. पंदरा-ईस दिस गेलं. खुर्चीवर परत लुगडी आली. ती मीच टाकली. रिकामी खुर्ची बगवत न्हवती. सुनंनं सांगलीच्या मानसाला फोन लावला, त्यो म्हनला, मोटरीला करंट देनारी काळी डबी जळाली आसंल, उगडून बगा, तेवडीच बदलली तर गाडी चालंल. मी ल्योकाला सांगितलं. नगं म्हनला. जेवान निम्मं झालं. नर्सनं पट्टी काडली आनि नुसतं माज्याकडं बगितलं.

मग एका सकाळी, सून कामाला गेल्यावर, मी गाडी आनि त्या वाकड्या चाव्या घिऊन त्येच्या खाटंपशी खाली बसले. आगापिछा बगितला न्हाई, पयल्या स्क्रूला चावी लावली आनि फिरवली. स्क्रू कर्र-कर्र करायला लागला. मी आनखी जोर लावला.

"काय करतीस?" भितीकडनंच.

"उगडती."

"तुला येतंय का?"

"न्हाई."

परत कर्र झालं. त्येनं मान फिरवली. "उलटी फिरवतीस, आये! बारकी चावी घे. त्या स्क्रूचं डोकं खाल्लंस तू."

"खाऊ दे. मी मोडली, मीच उगडीन."

"पन धुतलीस कशाला? सांगितलं हुतं ना त्येनं?"

मग मी सांगितलं. गाडीकडं बगतच सांगितलं. त्या खंडेनवमीला मी चार तांबं पानी मारलं न्हाई. तू चहा पीत हुतास तवर मारता आलं आसतं. म्हनून टेम्पो गेला. म्हनून ही धुतली. वरीसभर पोटात ठेवल्यालं, सांगायला यवडाच येळ लागला.

त्येनं डोळं मिटलं. मला वाटलं झोपला.

"आये," म्हनला. "ब्रेक लागत हुता."

"काय?"

"ब्रेक चांगला हुता. मी झोपलो हुतो. रातभर गाडी चालवल्याली. दुपारचं ऊन, पोटात जेवान. वळनावर डोळा लागला. समद्यास्नी ब्रेक सांगितला. पान्यानं काय हुनार हुतं? मला उटवायला कोन हुतं तितं?"

माज्या हातातली चावी तशीच. मला रडू आलं न्हाई. त्येला बी न्हाई. मी नुसती त्येच्या पायावरची गोधडी नीट केली. त्येला कळलं नसंल, पन मी केली.

मग मी परत स्क्रूला चावी लावली. कर्र.

"आगं आण हिकडं!" म्हनला. कोपरावर उटला. गाडी छातीवर घेतली, चावी लावली, डोळं बारीक केलं. दिसंना. आमच्या आतल्या खोलीला खिडकी न्हाई. गाडी अशी फिरवली, तशी फिरवली.

"हितं उजेड न्हाई," म्हनला. "भायेर न्हे मला."

मी खुर्चीवरची लुगडी काडली. वल्लीच हुती. शेजारच्या गड्याला हाक मारून त्येला बसवला, आंगनात न्हेला. त्येनं मांडीवर फडकं आथरलं, एकेक स्क्रू काडून वाटीत टाकला. काळी डबी भायेर काडली, वास घेतला, माज्याम्होरं धरली. एका कडंनं वितळल्याली. "ही न्हे सांगलीला. दाखव. आसलीच दे म्हन. आनि आये, ह्या येळी त्येचं आयक."

गाडी बंदच हुती. जखम परत वाटीएवडी झाल्याली, ती कवा भरंल आनि भरंल का, नर्स सांगंना. मी जळकी डबी रुमालात बांदून चोळीत ठेवली. दुपार झाली, त्येनं जेवान तितंच मागितलं. तिसऱ्या पारी सून आली, तरी त्यो खुर्चीतच, मोटरीतला गंज जुन्या दात घासायच्या ब्रशनं काडत बसल्याला.

वल्ली लुगडी माज्या हातावर तशीच हुती. कुटं टाकावी कळंना. शेवटी कुपाटीवर टाकली. एकाला काटं लागलं, पदर फाटला. फाटू दे म्हनलं.